पंचवीस जूनचं पान

मागच्या उन्हाळ्यात सिहोऱ्याला गेलो होतो, तेव्हा तिथल्या दोन तरुण शिक्षकांनी माझ्यावर एक काम टाकलं. माझे वडील तुमसर तालुक्याच्या या भागात शाळामास्तर होते. त्यांनी पस्तीसेक वर्षं एक वही चालवली. पुठ्ठ्याच्या बांधणीचं लांबट रजिस्टर. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान. त्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई झाली, कुठला सामना जिंकला, ते सगळं त्या पानावर. सकाळी शाळेत पोचलं की त्यातल्या दोन-तीन ओळी फळ्याच्या कोपऱ्यात उतरायच्या आणि परिपाठात एखादा मुलगा त्या मोठ्यानं वाचायचा. शिक्षकांना त्या वहीची पुस्तिका करून आसपासच्या शाळांमध्ये वाटायची होती. "सर, तुम्ही फक्त एकदा नजरेखालून घाला," ते म्हणाले.

त्या 'फक्त एकदा'ला आता सात महिने झाले. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. कविता, कादंबरी, आत्मचरित्र यांवर बरं-वाईट लिहिलं. पण 'दिनविशेष' हासुद्धा एक लेखनप्रकार आहे, त्याला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःच्या खोडी आहेत आणि त्याची समीक्षा व्हायला हवी, हे मला कधी सुचलं नव्हतं. खरं तर मराठी माणूस दिवसाकाठी जेवढं छापील गद्य वाचतो, त्यात दिनविशेषाचा वाटा मोठा आहे. वर्तमानपत्राचा कोपरा, भिंतीवरची दिनदर्शिका, आकाशवाणीची सकाळ, शाळेचा फळा आणि आता पहाटे पाच वाजल्यापासून फोनवर येऊन पडणारे संदेश. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं आणि तारीख, तिथी, सण, एकादशी यांचा एकत्र चौकोन घराघरांत पोचला. इतकं वाचलं जाणारं लेखन आपण लेखन म्हणून वाचतच नाही. म्हणून एकच पान घेऊन ते नीट वाचून पाहावं, असं ठरवलं. पान निवडलं २५ जूनचं.

हे पान फळ्यावर येत नाही

हेच पान का, तर त्यावरची गर्दी. स्पर्धापरीक्षेचं किंवा सामान्यज्ञानाचं कुठलंही पुस्तक उघडा, २५ जूनखाली साधारण अशा ओळी सापडतील:

१९३२ – भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर सुरू.
१९४७ – ॲन फ्रँकची डायरी प्रसिद्ध.
१९५० – कोरियन युद्धाला प्रारंभ.
१९७५ – देशात आणीबाणी जाहीर.
१९७८ – अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला.
१९८३ – भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला.

गंमत अशी, की आमच्याकडच्या फळ्यावर हे पान कधी उतरतच नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, बहुधा २६ जूनच्या आसपास. त्यामुळे वर्षाचा पहिला दिनविशेष ठरलेला असतो तो राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा. छानच सुरुवात आहे ती. पण आदल्या दिवसाचं पान शिल्लक राहतं. त्या दिवशी सिहोऱ्याच्या शिवारात आर्द्रा नक्षत्र लागलेलं असतं, पाऊस पडला असेल तर धानाचे पऱ्हे टाकून झालेले असतात, पडला नसेल तर सगळ्यांच्या माना बावनथडीच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या बाजूला वळलेल्या असतात. तिथल्या माणसाला विचाराल, तर तो २५ जून म्हणणार नाही, 'आर्द्रा' म्हणेल.

कर्ता कुठे गेला?

वरच्या सहा ओळी पुन्हा वाचा, पण या वेळी मराठीच्या मास्तरासारख्या. चार ओळींना क्रियापदच नाही. 'सुरू', 'प्रसिद्ध', 'प्रारंभ', 'जाहीर'. जणू युद्ध आपोआप पेटतं, आणीबाणी ढगांसारखी भरून येते. उरलेल्या दोन ओळींत मात्र क्रियापद आहे आणि 'ने' हा प्रत्यय लावून कर्ताही उभा आहे: अर्जेंटिनाने, भारताने. म्हणजे विजयाला करणारा असतो, विपरीत गोष्ट नुसती घडते. हा नियम कुणी बसून केलेला नाही. तो या लेखनाच्या हाडीमाशी भिनलेला आहे. इतर कुठलंही पान काढा. पूल कोसळतो, दंगल उसळते, गोळीबार होतो. पण शिखर कुणीतरी सर करतं, विक्रम कुणीतरी मोडतं.

कुणी म्हणेल, काही पुस्तकांत 'इंदिरा गांधी यांनी आणीबाणी जाहीर केली' असं स्पष्ट छापलेलं असतं. असतं, आणि ते बरंच आहे. पण त्यानंही काम भागत नाही. घटनेच्या ३५२व्या कलमाखाली उद्घोषणा काढली राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी, पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून. मंत्रिमंडळाला ती कळली दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि त्यानं ती मान्य केली. त्यानंतर ती राबवली हजारो सह्यांनी: जिल्ह्याच्या, तालुक्याच्या, ठाण्याच्या, शाळेच्या. एका नावाचा कर्ता बसवला की बाकीचे सगळे कर्ते वाक्यातून निसटतात. या शेवटच्या निसटणाऱ्यांपाशी मला परत यायचं आहे.

विजयाच्या ओळीचंही तसंच. 'भारताने विश्वचषक जिंकला' यातला भारत म्हणजे ५४.४ षटकांत सगळे मिळून १८३ धावा करणारा संघ. सर्वांत जास्त धावा श्रीकांतच्या, त्याही अवघ्या ३८. मुंबईच्या संदीप पाटीलच्या २७. सुनील गावसकर २वर बाद. मग बलविंदरसिंग संधूनं ग्रीनिजचा त्रिफळा उडवला, कपिलनं मागं धावत रिचर्ड्सचा झेल घेतला, मोहिंदर अमरनाथनं १२ धावांत ३ बळी घेतले आणि वेस्ट इंडिज १४०वर संपली. ४३ धावांचा विजय. ही ओळ लहान आहे म्हणून माझी तक्रार नाही. ती इतकी गुळगुळीत आहे, की तो सामना हरता हरता जिंकला होता, हे तिच्यातून कळतच नाही. परिपाठात ती ऐकणाऱ्या मुलाला वाटतं, जिंकायचंच होतं.

शेजारी कुणी निवडले?

दिनविशेषाची खरी जादू शेजारात आहे. १९३२ आणि १९८३, दोन्ही वेळी मैदान लॉर्ड्स, तारीख २५ जून आणि वारही शनिवार. हे वाचून अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण काटा आला म्हणजे अर्थ लागला असं नाही. तारीख आणि वार यांचं गणित ठरावीक वर्षांनी जुळतंच. लॉर्ड्सवर सामने जूनमध्ये होतात, कारण इंग्लंडात क्रिकेट उन्हाळ्यातच खेळतात. योगायोग हा योगायोगच आहे.

मग त्याचा काही उपयोग नाही का? आहे. योगायोग प्रश्न विचारायला लावू शकतो. १९७५ आणि १९८३च्या मध्ये १९७८चा अर्जेंटिना येऊन बसलाय. त्या दिवशी ब्युनोस आयर्समध्ये रिव्हर प्लेटच्या मैदानावर अर्जेंटिनानं नेदरलँड्सला जादा वेळेत ३-१ असं हरवलं. मारिओ केम्पेसनं दोन गोल केले. कर्णधार पासारेलाच्या हाती करंडक दिला तो लष्करशहा विदेलानं, ज्याच्या टोळीनं १९७६च्या मार्चमध्ये सत्ता बळकावली होती. आणि त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नौदलाची एक शाळा होती, जिथे पकडून आणलेल्या माणसांचा छळ चालू होता. मैदानावरचा जल्लोष तिथल्या कैद्यांनी ऐकला, असं त्यांतून वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे 'अर्जेंटिनाने जिंकला' या ओळीत एकाच गावातली दोन घरं आहेत आणि दिनविशेष आपल्याला एकाच घरात नेतो.

याच चष्म्यातून १९३२ पाहा. २५ जूनला लॉर्ड्सवर मोहम्मद निसार सटक्लिफ आणि होम्स यांचे त्रिफळे उडवत होता, इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती. भारताचा कर्णधार होता नागपुरात जन्मलेला, तिथेच शिकलेला सी. के. नायडू. दौऱ्याचा मूळ कर्णधार पोरबंदरचा महाराजा. तो बाजूला झाला, म्हणून एका अ-राजाकडे कसोटीचं नेतृत्व आलं. भारताच्या वतीनं कसोटीतला पहिला चेंडू खेळला तो मराठी मुलखातल्या जनार्दन नवले यांनी, आणि यष्टिरक्षकही तेच होते. भारत १५८ धावांनी हरला. इतकं सगळं 'सुरू' या एका शब्दात गडप झालंय. नवल्यांचं नाव मी विचारलेल्या एकाही शिक्षकाला माहीत नव्हतं.

पण त्याच दिवशी, म्हणजे खरोखर त्याच वर्षाच्या त्याच शनिवारी, महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारीपासून होते. सविनय कायदेभंगात हजारो लोक आत होते. 'भारत' नावाचा संघ साहेबाच्या मैदानावर पहिल्यांदा उतरला, तेव्हा भारत नावाची मागणी करणारी माणसं साहेबाच्या कोठडीत होती. मला वाटतं, ५१ वर्षांच्या अंतरावरच्या दोन शनिवारांपेक्षा हा शेजार कितीतरी खरा आहे. आणि सांधा शोधायचाच असेल, तर तो तारखेत न शोधता जागेत शोधावा. आणीबाणीत समाजवाद्यांपासून संघाच्या स्वयंसेवकांपर्यंत अनेक जण याच येरवड्यात नेले गेले.

पंचवीस की सव्वीस?

आता वडिलांच्या वहीकडे येतो. त्यांच्या २५ जूनच्या पानावर १९३२ आहे. नायडूंच्या नावाखाली दोन रेघा आहेत, कारण माणूस नागपूरचा. १९८३ आहे, वेगळ्या शाईत, मोठ्या अक्षरात. १९७८ नाही, फुटबॉल त्यांना कळत नसे. आणि १९७५ नाही.

आधी मला वाटलं, घाबरून लिहिलं नसेल. सरकारी नोकर, घरात आम्ही चौघं भावंडं. मग पान उलटलं. २६ जूनला शाहू महाराजांखाली ओळ होती: '१९७५ – आणीबाणी. सकाळी रेडिओवर ऐकले.' संपूर्ण वहीत 'ऐकले' हे क्रियापद मला एवढ्या एकाच ठिकाणी सापडलं.

आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. उद्घोषणेवर सही झाली २५च्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं २६च्या सकाळी. त्या दिवसांत मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत लोकशाहीच्या निधनाची एक खोडकर शोकवार्ता सेन्सॉरच्या नजरेतून सुटून छापली गेली, ती पुढं जगभर गाजली. तिच्यातही मृत्यूची तारीख २६ जूनच आहे. समकालीनांसाठी ती घटना २६ची होती. पुढं अभ्यासकांनी, पुस्तकांनी आणि सरकारनं तिला २५वर नेलं; २०२४च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला. मला इथे पक्षांच्या भांडणात पडायचं नाही. पण दिनविशेष कोण ठरवतं, हा प्रश्न तरी विचारायला हवा. ज्याच्या हातात सही आहे त्याची तारीख वेगळी, ज्याच्या कानावर बातमी पडते त्याची वेगळी.

१९८३चंही असंच. लंडनमध्ये संध्याकाळी सामना संपला, तेव्हा आपल्याकडे बाराच्या सुमाराची वेळ होती. मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या आळीत एका घराच्या ओसरीवर रेडिओभोवती दहा-पंधरा माणसं होती. मी अर्धा झोपेत होतो आणि कुणीतरी उचलून मला नाचवलं, एवढं आठवतं. तो दिवस कुठला होता, सांगता येणार नाही. ती रात्र होती. ब्युनोस आयर्सला दुपारी सुरू झालेला अंतिम सामना संपेपर्यंत तर आपल्याकडे २६ जून लागलीच होती. म्हणजे आपण ज्याला एक पान समजतो, त्याच्या कडा ठिकठिकाणी फाटलेल्या आहेत.

तारखांचा हा कच्चेपणा आमच्या गावाला नवा नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जुलैला येतो. मूल शाळेत आणलं, की आई म्हणायची, "पोळ्याच्या आधी झाला," किंवा "त्या वर्षी तलाव फुटला होता." त्यावरून मास्तर हिशोब करून पहिलीत बसेल अशी तारीख लिहून टाकत. माझ्या वडिलांनी अशा किती जणांना जन्मतारखा दिल्या, त्याची मोजदाद नाही. जो माणूस लोकांना तारखा वाटत होता, तोच घरी येऊन मोठ्यांच्या तारखा अचूक उतरवत होता. यातला विसंवाद त्यांना दिसत असावा. कारण वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी शाळेतल्या मुलांपैकी कुणाचाही वाढदिवस लिहिलेला नाही. 'ज्याने त्याने आपला लिहावा' असं म्हणून जागा सोडली आहे.

आडवी ओळ आणि उभी ओळ

मराठीत घटना तारखेनिशी नोंदवण्याची परंपरा जुनी आहे. जेधे शकावली लोकमान्य टिळकांमुळे अभ्यासकांसमोर आली आणि तिच्यातल्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या एका नोंदीनं शिवजन्माच्या वादाला नवं वळण दिलं. शकावलीची वाक्यंही तुटकच असतात. तरी ती वाचताना अर्थ लागत जातो. का? कारण शकावली वर्षांमागून वर्षं लावते. आधीचं आधी, नंतरचं नंतर. दोन नोंदींच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'तरीही' हा शब्द वाचकाला घालता येतो. दिनविशेष तीच माणकं माळेतून काढतो आणि रंगानुसार डब्यांत टाकतो. सगळे २५ जून एका डब्यात. आता 'म्हणून' कुठे घालणार?

१९७५चा जून शकावलीसारखा वाचून पाहा. ७ जूनला पहिल्या क्रिकेट विश्वचषकात गावसकर १७४ चेंडू खेळून ३६वर नाबाद राहिला. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयानं पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. २१ जूनला लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजनं तो पहिला विश्वचषक जिंकला. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्णा अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५च्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली. रात्री सही, रातोरात अटका, सकाळी रेडिओ. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उघड बोलल्या. १९७७च्या २१ मार्चला आणीबाणी उठली. हा उभा ओघ वाचला, की २५ जून हा एक दिवस न राहता एक वळण होतो. आणि लक्षात येतं, की सुटकेचा तो २१ मार्च कुणाच्याच फळ्यावर नसतो.

दिनविशेष टाकून द्यावा, असं मी म्हणत नाही. खेड्यातल्या शाळेत जगाची खिडकी बरीच वर्षं तेवढीच होती. ॲन फ्रँक हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते परिपाठात, चुकीच्या उच्चारासह. पण त्या मुलीची वही आठवून पाहा. तिथेही प्रत्येक नोंदीला तारीख आहे. फरक इतकाच, की तिथे तारखेखाली कुणीतरी बसून लिहितंय. भांडतंय, घाबरतंय, वाढतंय. १५ वर्षांच्या आयुष्यात तिनं जे केलं, ते आपल्या दिनविशेषांना साधलेलं नाही: तारखेखाली माणूस असणं.

वहीतली रेघ

वडिलांच्या वहीत ते एकदा साधलंय. निदान साधता साधता राहिलंय.

३ डिसेंबरचं पान. वर राजेंद्रप्रसादांचा जन्म, १८८४. खाली खुदीराम बोस, १८८९. अगदी तळाला नंतर घातलेली भोपाळची वायुगळती, १९८४. आणि मध्ये '१९७६' असा आकडा, त्यापुढे रेघ, आणि त्यापुढे काही नाही. तरुण शिक्षकांना वाटलं, लिहायचं राहून गेलं असेल. त्यांनी कच्च्या प्रतीत ती ओळ गाळली होती.

आईला ठाऊक होतं. ती आता नाही, पण तिनं मला एकदा सांगितलं होतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. खाली ते उतरलं ते 'केसेस'च्या रूपात. मास्तरांनी केसेस आणायच्या. नाही आणल्या तर पगार अडेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. 'सांगण्यात आलं'. बघा, मीही कर्ता गाळला.

वडिलांनी एक माणूस नेला. आमच्याच आळीतला, दुसऱ्याच्या बांधीत राबणारा, दोन लहान मुलींचा बाप. कुणी त्याला ओढून नेलं नाही, गाडी आली नाही, पोलीस आले नाहीत. वडील त्याच्या घरी गेले आणि बोलले. तो म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनता तं जातो." शिबिरातून दोघं बैलगाडीनं परत आले. वडिलांना त्या महिन्याचा पगार मिळाला. त्या पगारात आमचं घर चाललं, माझं दूध आलं.

बस, एवढंच. यात कुणी मेलं नाही. पण मी वर कर्त्यांचा शोध घेत फिरलो, तेव्हा हा कर्ता माझ्या घरात बसला होता. आणि त्यानं स्वतःच्या वहीत वर्ष लिहिलं, रेघ ओढली आणि लेखणी थांबवली. 'नेले' हे क्रियापद त्यांना लिहिता आलं नाही. 'गेला' लिहिणं त्यांना खोटं वाटलं असावं. मला ती रेघ त्या वहीतलं सर्वांत प्रामाणिक लेखन वाटते. तरी ती पुरेशीही वाटत नाही. थांबलेली लेखणी सगळ्यांनाच सोडून देते, स्वतःलासुद्धा.

गेल्या महिन्यात पुन्हा सिहोऱ्याला गेलो. धान कापून झालं होतं, शिवारात पुंजणे लागले होते. चांदपूरच्या तलावाकडून गार वारा येत होता. तो माणूस आहे. ऐंशीच्या घरात आलाय, एक मुलगी जवळच दिलेली आहे, ती बघते. मी त्याला काकाजी म्हणतो. वहीचं सांगितलं, पुस्तिकेचं सांगितलं, आणि ती गोष्ट नाव न घालता लिहिली तर चालेल का, असं विचारलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "लिव ना. का झालं त्याले." मी विचारलं, "काकाजी, तारीख आठवते का तुम्हाला?"

"तारीख कोनाले आठवते, बापू? पुंजने लागले होते, येवढं आठवते." मग जरा थांबून म्हणाला, "तारीख मास्तरच्या वहीत असन. थे पक्के होते त्यात."

पुस्तिकेचं काम आता संपवलंय. २५ जूनच्या पानावर सहा ओळी आहेत, पण प्रत्येकीत क्रियापद आहे आणि सापडतील तेवढे कर्ते आहेत. नवले आहेत. तळाशी लिहिलंय, '२६चे पान पाहा'. २६ला वडिलांचं 'ऐकले' तसंच ठेवलंय. २१ मार्चला एक ओळ वाढवली आहे. आणि ३ डिसेंबरला, राजेंद्रप्रसाद आणि खुदीराम यांच्या खाली, रेघेपुढची जागा मी भरली आहे: '१९७६ – आमच्या आळीतल्या एका माणसाला मास्तरांनी नसबंदीच्या शिबिराला नेले. धानाचे पुंजणे लागले होते.'

शिक्षकांनी विचारलं, "सर, हे परिपाठात कसं वाचायचं?"

मी म्हटलं, "बाकीच्या ओळी वाचता तसंच. मोठ्यानं."